तुडुमाचे दोन साक्षीदार

भंडारा जिल्ह्याबाहेरच्या मुलांना तुडूम म्हणजे काय हे बहुधा ठाऊक नसेल. म्हणून मित्रांनो, माझी ओळख मीच करून देतो. गावतलावाच्या मातीच्या बांधाला आमच्याकडे पाळ म्हणतात. त्या पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायला जी दगडी वाट बांधलेली असते, ती म्हणजे मी. माझे एक तोंड तलावात आहे आणि दुसरे पाळीपलीकडे, धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भाताच्या खाचरांकडे. पाण्यातल्या तोंडाशी दगडी पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला एक भोक आणि प्रत्येक भोकाला एक लाकडी बूच. तलाव भरलेला असला की वरचे बूच काढायचे, पाणी उतरले की त्याच्या खालचे. एवढीच माझी रचना. पण तिच्या जोरावर मी कित्येक पिढ्यांच्या घरी भात शिजवला आहे.

मला घडवणाऱ्यांची नावे कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत. मालगुजारीच्या काळात जवळच्या डोंगरातून माझे दगड बैलगाड्यांवर आले. पाथरवटांनी ते असे नेमके तासले की दोन दगडांच्या फटीत धानाचे तूसही शिरू नये. खाली सपाट शिळा, दोन्ही अंगांना उभे दगड, वर झाकणाचे दगड आणि भोवताली धुमसून बसवलेली माती. मी फुशारकी मारतो आहे असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पोळा होऊन जातो, पाऊस पाठ फिरवतो, धान गर्भात असतो, लोंब्या अजून बाहेर पडायच्या असतात आणि बांध्यांना भेगा पडू लागतात. अशा वेळी सारा गाव पाळीवर येऊन माझ्याकडे पाहतो. बूच निघते, पाणी माझ्या अंगातून घोंघावत जाते आणि पलीकडे बायका त्या पाण्याला हळदकुंकू वाहतात. असा मान किती दगडांच्या वाट्याला येतो?

माझे राखणदार देवाजी. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. आमचा गाव सिहोऱ्यापासून फार लांब नाही, तेव्हा त्या बाजूचे पाहुणे आले की देवाजी त्यांना हटकून पाळीवर आणत आणि माझ्या दगडावर बोटाच्या पेरांनी टकटक करून म्हणत, "आयका, कसा बोलते! सिमेंट नाही, लोहा नाही. माह्या बापानं सांभाळला, मंग मी. पण याच्या बाजूनं थेंब कधी झिरपला नाही." हे ऐकताना माझी छाती फुगायची. दगडाची छाती फुगत नाही म्हणतात, ते खोटे आहे.

पण काळ बदलला. शेतात बोअर आले, मोटारी आल्या. पाळीवरून फटफटी पळवणाऱ्या तरुणांना मी दिसेनासा झालो. पाळीवर माझ्या डाव्या अंगाला एक जुना करंज होता. एका वादळात तो आडवा झाला. लाकूड लोकांनी नेले, बुंध्यावर माती लोटली आणि गाव ते विसरून गेला. त्याची मुळे मात्र पाळीच्या पोटात तशीच राहिली. ती हळूहळू कुजली. त्यांच्या जागी पोकळ वाटा उरल्या आणि पाण्याला वाट कोणी दाखवावी लागत नाही. एका पावसाळ्यात माझ्या डाव्या कुशीला गार काहीतरी सरकत असल्याचे मला जाणवले. पाणी माझ्या आतून जायचे सोडून माझ्या बाहेरून, मातीतून, चोरपावलांनी निघाले होते. मला हे कळत होते, पण सांगता येत नव्हते. देवाजी येत, टकटक करत, खूश होऊन जात. माझा आवाज तर पूर्वीसारखाच खणखणीत होता. आजार मला नव्हता, माझ्या शेजारच्या मातीला होता.

त्याच सुमारास गावच्या शाळेत तृप्ती मॅडम विज्ञान शिकवायला आल्या. त्यांचे बालपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलेले, वडील तिथल्या आयुध कारखान्यात नोकरीला. तिथे आखीव रस्ते आणि छाटलेली कुंपणे. त्यामुळे पुस्तकातल्या कितीतरी वनस्पती त्यांनी चित्रातच पाहिल्या होत्या. श्रावणात एके दिवशी त्या दहावीच्या मुलांना घेऊन पाळीवर आल्या.

"बेडूक प्राण्यांमधला उभयचर," त्या म्हणाल्या. "पाण्यात जन्मतो, पाण्याबाहेर येतो, पण पाण्याला विसरत नाही. मग वनस्पतींमधले उभयचर कोण?"

"कमळ!" मागून कोणीतरी ओरडले.

"अरे, कमळ पाण्याबाहेर कधी आलं?" मॅडम हसल्या आणि खाली वाकल्या. माझ्या पलीकडच्या तोंडापाशी ओल्या मातीवर एक हिरवी नक्षी चिकटली होती. एका जागेवरून चहूकडे पसरलेली चपटी पाती, प्रत्येक पाते टोकाला दुभंगलेले, मधोमध बारीक पन्हळ. आख्खी नक्षी रुपयाच्या नाण्याएवढी. मॅडमचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "रिक्सिया! ही खरोखरची रिक्सिया आहे. मी हिच्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली, पण जमिनीवर वाढलेली आज पहिल्यांदा पाहते."

मित्रांनो, ती माझी जुनी शेजारीण. ती हयातभर माझ्या पायाशी होती आणि तिला नाव असते हे मला त्या दिवशी कळले.

मॅडमनी मुलांना प्रकल्प दिला. आपल्या गावातला एक बेडूक आणि एक रिक्सिया निवडायची, दिवाळी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचे आणि दोघांत सारखे काय, वेगळे काय ते सांगायचे. कोणी घरामागचे पावसाळी डबके निवडले, कोणी बोडीचा, म्हणजे लहान शेततळ्याचा काठ. देवाजींची नात उर्वशी याच वर्गात होती. तिने माझे तोंड निवडले. "आबाजीचा तुडूम सोडून मी कुठं जाऊ?" ती मैत्रिणींना म्हणाली. तेव्हाही माझी छाती फुगली, हे वेगळे सांगायला नको.

तिचा बेडूक म्हणजे पाणबेडूक. अंगाने लहान, पाठीवर खडबडीत ठिपके, डोळे तेवढे पाण्याबाहेर. चाहूल लागली की पाण्याच्या पाठीवरून टणाटण उड्या मारत पळणारा. पावसाळ्यातला पिवळाधमक मोठा बेडूक पाऊस सरला की मातीत दडून बसतो. पाणबेडकाला ते जमत नाही. तो बारा महिने पाण्याला चिकटून असतो. उर्वशी शाळेतून येताना पाळ उतरून माझ्यापाशी बसायची. गुडघ्यावर हनुवटी टेकून दोघांकडे पाहत राहायची आणि एकटीच बोलायची. तिचे बोलणे ऐकूनच मी माझ्या शेजाऱ्यांना ओळखायला शिकलो.

"याची कातडी उघडी, हिचंही अंग उघडं," ती म्हणायची. "हा तोंडानं पाणी पीत नाही, अंगानं पिते. हिलेही खरी मुळं नाहीत, नुसते केसासारखे धागे. हीपण अंगानंच पिते."

आणखी एका दिवशी ती मॅडमना विचारत होती, "मॅडम, पाण्याबिगर दोघायलेही पोरंबाळं होत नाही, हे खरं आहे का?"

"खरं आहे. बेडकीची अंडी पाण्यात, नराचं बीजही पाण्यातच. आणि रिक्सियाच्या नराचं बीज चक्क पोहत जातं. दवाचा एक थेंब असला तरी त्याला तो समुद्र."

"मंग फरक काय?"

"तो तू शोध. मी सांगितला तर तो माझा होईल."

फरक शोधायला उर्वशीला बरेच दिवस लागले. बेडूक ओरडतो, रिक्सिया गप्प असते. बेडूक किडे खातो, रिक्सिया उन्हावर जगते. हे तर कोणीही सांगेल. तिला हवा होता तो फरक दिवाळीनंतर सापडला, आणि तो असा सापडला की सारा गाव हादरला.

दिवाळी झाली. हलक्या धानाची कापणी उरकली. पाळीखालचे मोठे वावर मोकळे झाले आणि तिथे मंडईची तयारी सुरू झाली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, खेळणीवाले, जिलेबीवाले येतात आणि अख्ख्या पंचक्रोशीतली माणसे दंडार, म्हणजे आमचे लोकनाट्य, बघायला दाटीवाटीने बसतात. आमच्या गावची मंडई पिढ्यानपिढ्या माझ्याच समोरच्या वावरात भरते. तलाव त्या वर्षी काठोकाठ होता.

शाळेत मुलांनी आपापल्या प्रकल्पाचे सांगितले. सगळ्यांच्या रिक्सिया सुकल्या होत्या. पाती कडांनी आत वळलेली, काळपट, मातीचाच पापुद्रा वाटावा अशी. तेच बरोबर होते. पाऊस गेला की ती अशीच अंग आवळून झोपते आणि पुढच्या पावसाची वाट बघते. उर्वशी मात्र म्हणाली, "माही अजून हिरवी आहे. पैल्यापेक्षा जास्त झाली."

"तू दुसरं काही तर बघत नाहीस ना?" मॅडमना शंका आली. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर उर्वशीला स्कूटीवर घेऊन थेट पाळीवर आल्या.

दोघी माझ्या तोंडापाशी वाकल्या. खरेच, जिथे जमीन कडक होऊन तडकायला हवी होती तिथे हिरव्या नक्ष्या एकीला एक लागून पसरल्या होत्या. खाली वीतभर पाण्याचे डबके होते आणि त्यात पाणबेडूक डोळे वर काढून बसले होते. तेवढ्यात पाळीवरून देवाजी खाली आले. पोरीच्या मॅडम आपला तुडूम पाहायला आल्या, याचा त्यांना कोण आनंद!

"आबाजी, बूच तर बंद आहेत. मंग इथं पाणी कुठून येऊन राहिलं?" उर्वशीने विचारले.

"अवो, बूच लाकडाचं. थोडं पाझरतेच. ते पाणी माह्या तुडुमाच्या आतून येऊन डबक्यात पडते. बेडूक काय, ओल दिसली का टुणकन येऊन बसते."

उर्वशी उताराकडे सरकली. मग तिने डबक्यापासून हातभर वर, माझ्या डाव्या बाजूच्या उतारावर बोट ठेवले. तिथेही रिक्सिया होती. दाट, ताजी, लोण्यासारखी मऊ.

"बेडूक उडी मारून आला असंन आबाजी. पण हे इथं कशी आली? हिले पाय कुठं आहेत? आणि डबक्यातलं पाणी हातभर वर कसं चढंन?"

मित्रांनो, हाच तो फरक. बेडूक चालता-फिरता. तो फक्त आजचे सांगतो, की आज इथे पाणी आहे. उद्या पाणी आटले तर तो दुसरीकडे जाईल आणि कालची खूणही ठेवणार नाही. रिक्सियाला जाता येत नाही. ती एका जागी इंचाइंचाने पसरते, म्हणून ती मागच्या कित्येक दिवसांचे सांगते. बेडूक बातमी आणतो, रिक्सिया साक्ष देते. आणि तिची साक्ष अशी होती की या उतारावर पाणी वरून आलेले नाही, खालूनही चढलेले नाही. ते पाळीच्या पोटातून येते आहे.

मॅडमना ते क्षणात कळले. त्यांचा आवाज गंभीर झाला. "देवाजीकाका, पाळ आतून झिरपते आहे असं वाटतं."

देवाजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. "माह्या तुडुमाजवळून? मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या, मी नाही म्हनत नाही. पण या शेवाळाच्या सांगण्यावरून मी हे मानू? माहा बाप गेला, तेव्हा हे काम माह्या हाती देऊन गेला. याले मी लेकरासारखा पाहिला." एवढे बोलून ते पाळ चढून गेले. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर टकटक केली नाही. मी इतका दुःखी पूर्वी कधीच झालो नव्हतो. त्यांच्या अभिमानाचे कारण मीच होतो आणि तोच अभिमान आता आमच्या दोघांच्या मुळावर आला होता.

उर्वशी घरी रडली असावी. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते. पण ती आली, आणि एकटी नाही आली. आजोबांचा हात धरून आली.

"आबाजी, मी तुमाले खोटं पाडायले नाही आली," ती म्हणाली. "तुमीच बूच पक्के करा. आतलं पाणी थांबलं आन् इथलं डबकं आटलं, तर मी मॅडमले सांगतो का माही चूक झाली."

देवाजींना हा न्याय पटला. त्यांनी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिकणमाती कालवली आणि पाण्यात उतरून हाताला लागणारे एकेक बूच असे लिंपले की आतून येणारी धार बंद झाली. तलाव भरलेला असताना माझा पोकळ गाभा पहिल्यांदाच कोरडा ठणठणीत झाला. उर्वशीने डबके उपसून काढले. पाणबेडूक उड्या मारत पांगले. आजोबा आणि नात पाळीच्या उतारावर बसून राहिले. देवाजींची पत्नी कलाबाई भाकरी आणि लाखोळीची भाजी घेऊन आल्या, "तलावावर लगीन लागून राहिलं का तुमचं?" म्हणून रागावल्या आणि मग त्याही तिथेच बसल्या.

भाकरी खाऊन होते न होते तोच डबक्याच्या तळाशी चकाकले. मग पाणी दिसू लागले. माझ्या तोंडातून एक थेंबही आला नव्हता. डाव्या बाजूची हिरवी माती मात्र घाम आल्यासारखी डवरत होती. पहिला पाणबेडूक परत येऊन बसला. देवाजींनी काचेची बाटली मागवली आणि डबक्यातले पाणी तिच्यात भरून उन्हात धरले. ते मातकट होते. बाटली स्थिर ठेवल्यावर तळाशी पिवळी माती बसली.

देवाजींना आणखी काही सांगावे लागले नाही. पाळीतून नितळ पाणी झिरपते तेव्हा पाळ नुसती घामाघूम झालेली असते. गढूळ झिरपते तेव्हा ती आतून पोखरली जात असते. पाण्यासोबत तिचे मांस वाहून जात असते. आणि समोर, वावरात, मंडईसाठी मांडवाचे बांबू रोवले जात होते.

त्याच दुपारी चावडीऐवजी माझ्याच पाळीवर बैठक बसली. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष मारोतराव आले, शेतकरी आले, मॅडम आल्या. मारोतराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर गावाचा भार होता.

"तलाव खाली केला तर उन्हाळी धान कशावर घ्याचा?" ते म्हणाले. "या पाण्यावर लोक आशा लावून बसले. मंडई होऊ द्या, मंग पाहू. इतके दिवस टिकली पाळ, आणखी टिकंन."

"मंडई इथंच भरणार आहे मारोतराव," मॅडम म्हणाल्या. "सगळा गाव याच पाळीखाली बसणार आहे."

कोणी म्हणाले, मंडई दुसरीकडे न्या. कोणी म्हणाले, पाळीखाली टोली आहे, त्या छोट्या वस्तीतली घरे कुठे न्यायची? कोणी म्हणाले, एका शेवाळासाठी एवढे पाणी सोडायचे का? आवाज चढत गेले. शेवटी सगळ्यांच्या माना देवाजींकडे वळल्या. तुडुमाबाबतीत गावात त्यांचाच शब्द शेवटचा होता. त्यांनी 'काही नाही झालं' म्हटले असते तर बैठक तिथेच उठली असती.

देवाजी उभे राहिले. त्यांचा हात माझ्या दगडावर होता.

"आजवर मी सगळ्यायले सांगत आलो का या तुडुमाच्या बाजूनं थेंब झिरपत नाही," ते म्हणाले. "आज झिरपून राहिला. हे मले नाही दिसलं. माह्या नातनीले दिसलं. तुडूम माहा आहे म्हनता ना? मंग मी सांगतो. पाणी सोडा. निदान या ओलीच्या खाली येईपर्यंत सोडा."

मारोतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "देवाजी म्हनते म्हंजे सोडा. पण वाया नका घालू. पाट फोडून खालच्या बोड्या भरून घ्या."

तरुण फावडी घेऊन धावले. वरची बुचे निघाली आणि पाणी माझ्यातून गर्जत सुटले. पण तलाव लवकर उतरेना. सगळ्यात खालचे बूच काढणे भाग होते आणि ते कित्येक वर्षांत कोणी हलवले नव्हते. फुगून दगडात घट्ट बसले होते. दोन तरुणांनी बुडी मारली आणि हात हलवत वर आले. देवाजींनी सदरा काढला.

"हे वय आहे का बुडी माराचं?" कलाबाई ओरडल्या. "मार्गशीर्षाची थंडी, पाण्यात गोळा होऊन जासान!"

"जवानायले त्याची बाजू माहीत नाही. ते उजवीकडं पिळा लागते," देवाजी म्हणाले आणि पाण्यात शिरले.

मित्रांनो, त्यांचे हात मी ओळखतो. तरुणपणी ते माझ्या पायऱ्या माशासारखे उतरत. आता ते हात सावकाश खाली आले, एकेक भोक चाचपत, शेवटच्या बुचापाशी थांबले. पहिल्या बुडीत ते हलले नाही. दुसऱ्या बुडीतही नाही. वर येऊन ते खोकले तेव्हा काठावर उर्वशी दोन्ही मुठी आवळून उभी होती. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या पायरीला पाय लावला आणि सगळे अंग पिळून जोर दिला. मी दगड आहे, मला हलता येत नाही. पण जे मला येते ते मी केले. मी त्यांच्या पायाखाली घट्ट राहिलो. बूच करकरले, फिरले आणि निसटले. पाणी असे सुटले की पलीकडचा पाट दणाणला. देवाजी वर आले, उर्वशीने त्यांना ओढून काठावर घेतले आणि कलाबाईंनी रागारागाने त्यांचे अंग पुसायला घेतले. रागावताना त्या रडत होत्या.

पाणी उतरत गेले तशी तलावाच्या आतल्या बाजूला, माझ्या डाव्या अंगाला, एक भोवरी दिसू लागली. पाणी तिच्यात गरगरत शिरत होते. आणखी उतरल्यावर भोक उघडे पडले. त्यात लहान पोर बसू शकले असते. त्या करंजाच्या कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याने बोगदा कोरला होता आणि तो पाळीच्या अर्ध्याहून पुढे गेला होता. पाळीवर उभा असलेला सारा गाव ते भोक पाहायला पुढे सरकला. मारोतराव खाली बसले आणि जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला.

पुढे तुमसरहून अभियंता साहेब आले. त्यांनी पाळ पाहिली, आणि पहिली गोष्ट विचारली ती ही की हे वेळेवर कसे कळले? देवाजींनी उर्वशीला पुढे केले. तिने ओंजळीतली हिरवी नक्षी दाखवली आणि बेडूक आणि रिक्सिया यांत फरक काय, ते पाठ न करता सांगितले. साहेबांनी मध्ये एकदाही न थांबवता सगळे ऐकले आणि म्हणाले, "पाळीवरची हिरवळ मी रोज पाहतो. कुठली हिरवळ कशामुळे, ते आता विचारत जाईन."

पाळ उकरून कुजकी मुळे एकूण एक काढली. तलावाच्या उघड्या पडलेल्या तळातली काळी चिकणमाती आणून थर द्यायचा, धुमसायचा, परत थर द्यायचा, असे काम चालले. गावातला असा एकही माणूस नव्हता ज्याने एक तरी घमेले टाकले नसेल. माझा एकही दगड बदलावा लागला नाही. हे सांगताना मी पुन्हा फुशारकी मारतो आहे, हे मला माहीत आहे. काहींचा उन्हाळी धान त्या वर्षी कमी झाला. तरी बोड्यांतल्या पाण्यावर नेहमीच्या निम्म्याहून जास्त निघाला. मंडई जरा उशिरा, पण त्याच वावरात भरली. दंडार सुरू होण्याआधी मारोतरावांनी उर्वशीला मांडवात बोलावून नारळ दिला. ती लाजून खाली पाहत होती. देवाजी मात्र शेजारच्या पाहुण्याला कोपराने ढोसून सांगत होते, "पाहा, कशी उभी आहे! सिहोऱ्यापर्यंत अशी नजर कोनाची नाही. माही नातीन आहे ते." तीच ऐट, तोच आवाज, फक्त आता त्यात माझे नाव नव्हते. आणि खरे सांगतो, मला त्याचे काडीइतकेही वाईट वाटले नाही.

आता पाऊस सरला की माझ्या डाव्या बाजूचा उतार कोरडा पडतो. तिथली रिक्सिया अंग आवळून झोपते आणि पाणबेडूक तलावात परततात. शेजार सुना झाला तरी मला समाधान आहे. कारण ते दोघे तिथे नाहीत याचाच अर्थ पाळ ठणठणीत आहे. त्यांच्यासाठी पाळीच्या आत, पाण्याच्या काठाला, हवी तेवढी ओल आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढेच मागणे. तुमच्याही गावात एखादी पाळ असेल, विहिरीचा कठडा असेल, शाळेची भिंत असेल. तिच्याजवळून जाताना कधीतरी थांबा आणि गुडघे मोडून खाली वाका. कोण राहायला आले आहे, कोण निघून गेले आहे, ते बघा. उडी मारून येणाऱ्याला विचारा आणि जागेवर चिकटून बसणाऱ्यालाही विचारा. आणि काही वावगे दिसले तर ते सांगायला घाबरू नका. समोर आपलेच आजोबा असले तरी. त्यांचा हात धरून सांगा.